पंडिता रमाबाई : एका श्रद्धेची घडण

मनुष्याची धर्मश्रद्धा कोठून येते, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. ज्या घरी जन्म झाला त्या घरचा देव तो आपला देव, आणि आईने सायंकाळी दिव्यापुढे हात जोडावयास लावले ते आपले पहिले धर्मशिक्षण. आमच्या केळझरच्या टेकडीवरील गणपतीच्या दर्शनास जाणारे मूल असो, की रविवारी प्रार्थनामंदिरात आईबापांच्या मध्ये बसणारे मूल असो, दोघांनीही ती वाट स्वतः निवडलेली नसते. ती त्यांना मिळालेली असते. परंतु पुढे आयुष्यात भूक, वियोग, अन्याय, अनपेक्षित दया अशा गोष्टी भेटतात, आणि त्या प्रत्येक भेटीत मिळालेल्या श्रद्धेची परीक्षा होते. कोणाची श्रद्धा त्या कसोटीत दृढ होते, कोणाची ढासळते, तर कोणाची ढासळून पुन्हा निराळ्या पायावर उभी राहते. ह्या तिसऱ्या प्रकारचे आपल्या महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई होत. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी विदुषीचे व समाजसेविकेचे चरित्र म्हणून वाचलेले असते. प्रस्तुत लेखात ते एका श्रद्धेच्या घडणीची हकीकत म्हणून सांगण्याचा विचार आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे गाढे पंडित आणि निष्ठावंत वैष्णव. तरुणपणी पुण्यास विद्याभ्यास करीत असता पेशव्यांच्या पत्नीस आपले गुरुजी संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले, आणि आपल्या घरच्या स्त्रियांनाही ही विद्या द्यावी असे त्यांच्या मनाने घेतले. त्या काळी ही गोष्ट लोकांना रुचण्यासारखी नव्हती. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्या वडीलधाऱ्यांनी तो बेत चालू दिला नाही. पुढे दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी शिकविले तेव्हा पंडितांच्या सभेपुढे आपले करणे शास्त्राला धरून आहे, हे त्यांना सिद्ध करावे लागले. नंतर ते रानात आश्रम बांधून राहिले. तेथे विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, आणि सर्वांचे आतिथ्य होई. त्या आतिथ्यातच घरची संपत्ती संपली. रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असता हे कुटुंब अरण्य सोडून तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या रमाबाईंना वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावरून नेण्यात आले.

त्यांची शाळा म्हणजे वाट, आणि शिक्षिका म्हणजे आई. मुक्कामाच्या ठिकाणी पहाटे, इतर कामे सुरू होण्यापूर्वी, लक्ष्मीबाई मुलीला जवळ घेऊन श्लोक म्हणवून घेत. अशा रीतीने बाराव्या वर्षाच्या आसपासच रमाबाईंचे सहस्रावधी श्लोक मुखोद्गत झाले. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचा अनुभव कडू आला होता, म्हणून धाकटीचे लग्न लहानपणी करावयाचे नाही असा निश्चय वडिलांनी केला, व लोकनिंदा सोसूनही तो पाळला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे ज्या रमाबाईंनी रूढीवर एवढा प्रहार केला, त्यांना रूढीविरुद्ध उभे राहण्याचा पहिला धडा आपल्या धर्मनिष्ठ पित्यापासूनच मिळाला. पित्याच्या ठिकाणी निष्ठा आणि धैर्य ही एकत्र नांदत होती. कन्येने त्यातील धैर्य प्रथम उचलले, आणि निष्ठा कोठे ठेवावी ह्याचा शोध तिला पुष्कळ वर्षे करावा लागला.

पुराणे सांगत गावोगाव फिरणाऱ्या ह्या कुटुंबाचे जीवन धर्मावर अक्षरशः उभे होते. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून ते ग्रंथ वाचीत, ऐकणारे फुले, फळे, धान्य, पैसे ठेवीत, आणि त्यातून उदरनिर्वाह चाले. जे उरे ते दानधर्मात जाई. दक्षिणेत १८७४ च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हा ऐकणाऱ्यांपाशीच देण्यास काही राहिले नाही. अनंतशास्त्री वृद्ध झाले होते, त्यांची दृष्टी जात चालली होती. भिक्षा मागणे त्यांच्या मानी स्वभावास पटेना, आणि अंगमेहनतीचे काम ब्राह्मणाने करावे हे संस्कारास पटेना. मग देवतांची आराधना अधिक कडक झाली. उपवास, जप, प्रदक्षिणा, मूर्तीची पूजा, पुजाऱ्यांना दक्षिणा, जे जे शास्त्रात सांगितले ते ते त्यांनी केले. गाठीचा पैसा संपला, मग दागिने गेले, मग भांडी गेली. शेवटी रानातील पाने व बोरे खाण्याची पाळी आली. भुकेच्या भरात ती बोरे बियांसकट गिळली जात.

तिरुपतीच्या बाजूच्या रानात आल्यावर अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. सर्वांनी उपाशी मरण्यापेक्षा वृद्धाने आधी जावे, असा त्यांचा विचार होता. आमच्या केळझरची ख्याती एकचक्रानगरी म्हणून आहे, व भीमाने बकासुराला मारले ते हेच गाव, असे येथे परंपरेने सांगतात. त्या कथेतील ब्राह्मण कुटुंब आपणांस ठाऊक आहे. राक्षसाकडे कोणी जावयाचे हा प्रश्न येताच बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मी जाते. डोंगरे कुटुंबाने ती कथा कितीतरी वेळा लोकांना सांगितली असेल. त्या रानात ती त्यांच्याच घरी घडली. वृद्ध पित्याने सोळा वर्षांच्या रमेला जवळ घेतले, आपले तिच्यावर किती प्रेम आहे ते सांगितले, आणि सन्मार्ग कधी सोडू नको, ईश्वराची सेवा करीत राहा, असा उपदेश केला. तेव्हा मोठा भाऊ श्रीनिवास पुढे आला. जातीचा अभिमान बाजूस ठेवून आपण मोलमजुरी करू व सर्वांना पोसू, असे त्याने रडत रडत सांगितले, आणि पित्याने आपला बेत सोडला. येथे भीम म्हणून कोणी आला नाही. ह्या घरात भीमाचे काम मजुरीला तयार झालेल्या ह्या अशक्त मुलाने केले.

परंतु सुटका फार उशिरा आली होती. थोड्याच दिवसांत पिता ज्वराने गेला. सुमारे दीड महिन्याने आई गेली. आईच्या आजारात रमाबाई शेजारच्या एका घरी भाकरीचा तुकडा मागावयास गेल्या, तेव्हा लाजेने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने न मागताच ओळखून बाजरीची भाकरी दिली. ती आईच्या घशाखाली उतरली नाही. आईची तिरडी वाहावयास पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून बहीणभावांना स्वतः खांदा द्यावा लागला, आणि रमाबाईंची उंची कमी असल्यामुळे त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला, असे सांगतात. पुढे काही महिन्यांत थोरली बहीण कृष्णाबाईही निवर्तली.

मग ही दोन भावंडे पायी हिंडू लागली. दक्षिणेपासून पंजाबपर्यंत, राजपुतान्यातून, मध्यप्रांतातून, बंगाल व आसामपर्यंत ती हजारो मैल चालली. झेलम नदीच्या काठी थंडीने प्राण जाण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले, आणि डोके तेवढे वर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून रात्र काढली. तरीही सोवळे-ओवळे, व्रते, तीर्थस्नाने ती पाळीत राहिली. पण मन आतून प्रश्न करू लागले होते. एका तीर्थावर एक तलाव होता. त्यातील सात लहान डोंगर पुण्यवान यात्रेकरूकडे तरंगत येतात, अशी प्रसिद्धी होती, आणि पाण्यात उतरण्यास यात्रेकरूंना सक्त मनाई होती. श्रीनिवास लपून पाण्यात उतरला, पोहत गेला, आणि पाहतो तो ते डोंगर म्हणजे माती व झाडे लावलेले तराफे, व पाठीमागे ते ढकलणारा मनुष्य! हा शोध लहान होता, परंतु ज्यांनी शेवटचे भांडे विकून दक्षिणा दिली होती त्यांच्या मनावर त्याचा काय परिणाम झाला असेल हे सांगावयास नको.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबून एक विचार करावा. दुष्काळ एकच, घर एकच, व्रते एकच. परंतु त्यातून निघालेली फळे भिन्न झाली. मायबाप अखेरच्या श्वासापर्यंत श्रद्धाळूच राहिले, आणि मुलांची श्रद्धा त्याच भुकेत विरघळून गेली. तेव्हा दुःखाने मनुष्य नास्तिक होतो असे म्हणणे, किंवा दुःखानेच तो देवाकडे वळतो असे म्हणणे, ही दोन्ही अर्धवट विधाने होत. दुःख हा केवळ प्रश्न आहे. त्याला काय उत्तर द्यावयाचे हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर, वयावर, आणि त्याला पुढे कोण भेटते ह्यावर अवलंबून असते. पित्याच्या मते दोष आपल्या पूर्वकर्माचा होता. कन्येला तो, आपण ज्यावर विश्वास टाकला त्या व्यवस्थेचा वाटू लागला. दोघेही प्रामाणिक होते, आणि ह्यांपैकी एकाला मूर्ख किंवा दुसरीला पाखंडी म्हणणे अन्यायाचे होईल.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची, अविवाहित, मराठी मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेऊन पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. कालपर्यंत वाळूत निजणाऱ्या मुलीचे नाव हिंदुस्थानभर झाले. तेथेच प्रथम एका ख्रिस्ती मंडळीचा मेळावा त्यांनी पाहिला. लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकतात हे पाहून हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे ह्या भावंडांना वाटले. आणि कलियुग आले ह्याची खात्री झाली. संस्कृत बायबल भेट मिळाले, परंतु त्याची भाषा व विचार परके वाटून ते मनास भिडले नाही. ज्या धर्माचा पुढे त्यांनी स्वीकार केला त्याच्याशी पहिली भेट अशी हसू आणणारी होती, ही गोष्ट आम्हां ख्रिस्ती लोकांनी विसरू नये.

कलकत्त्यातील स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावीत अशी विनंती झाली, म्हणून रमाबाईंनी धर्मशास्त्रे बारकाईने वाचली. इतर अनेक बाबतींत ह्या ग्रंथांत मतभेद आहेत. परंतु स्त्री व शूद्र ह्यांची योग्यता हीन मानण्यात बहुतेकांचे एकमत आहे, असे त्यांना दिसून आले. इतके दिवस श्रद्धेला धक्का भुकेने दिला होता. आता तो विद्येने दिला. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन ह्यांनी त्यांना वेद वाचण्यास सांगून एक प्रत दिली. स्त्रीने वेद वाचू नये हे बंधन त्यांनी प्रथम भीत भीत, मग निर्भयपणे मोडले. तेथेही त्यांचे समाधान झाले नाही. मूर्तिपूजा गेली, जातिभेद गेला, एक ईश्वर आहे एवढी भावना राहिली. पण तो ईश्वर दूर होता.

१८८० साली ढाक्यास श्रीनिवास वारला. दुष्काळात जो हात धरून त्या चालल्या तो शेवटचा हातही सुटला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. जातिभेदाविषयीचे आपले मत त्यांनी अशा रीतीने आचरणात आणले. आसामकडील सिलचर येथे थोडे सुखाचे दिवस गेले. तेथे घरातील पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली, व एका मिशनरी गृहस्थाकडून त्यांनी काही गोष्टी समजावून घेतल्या. पतीला मात्र हे आवडले नाही. १८८१ त मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला. लग्नाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. चोवीस वर्षांच्या आत आईबाप, बहीण, भाऊ, पती असे सर्व काळाने नेले. हातात राहिली ती एक तान्ही मुलगी व संस्कृत विद्या.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज निघाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि १८८२ सालीच शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे त्यांनी स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. स्वतः डॉक्टर व्हावे ह्या इच्छेने १८८३ साली त्या मुलीसह इंग्लंडास गेल्या, व वाँटेज येथील भगिनीमंडळात उतरल्या. बरोबर आलेल्या मैत्रिणीचा तेथे करुण अंत झाला, आणि स्वतःच्या कानांस ऐकू येणे कमी होत गेल्यामुळे वैद्यकाचा विचारही सोडावा लागला.

त्यांच्या मनाला वळण लावणारा प्रसंग मात्र निराळाच होता. लंडनमध्ये ह्या भगिनी, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवीत. तेथे त्या स्त्रियांना प्रेमाने वागविले जाते, त्यांना पुन्हा माणसात आणले जाते, हे रमाबाईंनी पाहिले. आपल्या देशात अशा स्त्रीला सावलीसही उभे करीत नाहीत, ह्यांना मात्र ही दया कोठून सुचली, असा त्यांना प्रश्न पडला. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना विहिरीवरील शोमरोनी स्त्री व ख्रिस्त ह्यांच्या भेटीची योहानाच्या शुभवर्तमानातील कथा वाचून दाखविली. ज्यांनी धर्मशास्त्रांत स्त्रीविषयी काय आहे हे शोधले होते, त्यांना स्त्रीला हीन न मानणारा गुरू ह्या कथेत दिसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. वादविवादाने जे झाले नव्हते ते प्रत्यक्ष घडणारी सेवा पाहून झाले.

तथापि बाप्तिस्मा घेताच त्यांचे शोधणे संपले, असे कोणी समजू नये. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवीत असता त्यांचा व त्यांच्या गुरुभगिनींचा मोठा वाद चालला. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, अशा गोष्टी केवळ वडील माणसे सांगतात म्हणून मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाच्या आज्ञेतून आपण सुटलो ते दुसऱ्याच्या आज्ञेत जाण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. त्यांनी मांसाहार घेतला नाही, वेष बदलला नाही. ज्यांनी त्यांना धर्म दिला त्यांना हा अहंकार वाटला, आणि त्या भगिनींचे मन दुखावले हेही खरे. परंतु वडिलांच्या धर्माला जो प्रश्न विचारला तोच नव्या धर्मालाही विचारणे, ह्यातच त्यांचा प्रामाणिकपणा होता. पुढे १८९१ च्या सुमारास, एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचल्यानंतर, आपल्याजवळ ख्रिस्ताचा धर्म आहे पण ख्रिस्त नाही अशी जाणीव त्यांना झाली, आणि तेव्हापासून त्यांची भक्ती खरी अंतःकरणाची झाली, असे त्यांनी स्वतः मानले. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी!

१८८६ साली आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले, व बोस्टनमध्ये त्यांच्या साहाय्यार्थ एक मंडळी स्थापन झाली. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ह्या बालविधवा होत्या; त्यांचाच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह झाला. ह्या संस्थेत कोणावर धर्माची सक्ती होणार नाही, जातीचे आचार पाळण्यास मोकळीक राहील, असे वचन होते, आणि म्हणूनच रानडे व भांडारकर ह्यांच्यासारखे गृहस्थ सल्लागार झाले होते. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ साली ह्यावरून मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने टीका केली, सल्लागारांनी अंग काढून घेतले, वीस-पंचवीस मुलींना पालकांनी घरी नेले.

ह्या प्रकरणी एका पक्षाला सर्वस्वी दोषी ठरविणे योग्य होणार नाही. विश्वासाने मुली पाठविणाऱ्या पालकांची भीती खोटी नव्हती, कारण मुलगी ही त्यांच्या काळजाचा तुकडा होती, आणि शाळेने दिलेला शब्द ते पाहत होते. उलट, ज्या स्त्रीला आपला देव सापडण्यास इतकी वर्षे लागली तिने त्याचे नाव घरात दार लावून घ्यावे, हेही कठीण होते. मिशनच्या शाळांत शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांना हा प्रसंग नेहमी डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. मुलाची श्रद्धा ही शिक्षकाच्या हाती दिलेली ठेव आहे. तिला प्रश्न विचारण्याचे बळ द्यावे. तिची अदलाबदल गुपचूप करू नये.

१८९६ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. आपला वर्धा जिल्हा तेव्हा ह्याच मध्यप्रांतात मोडत असे. ती बातमी ऐकताच रमाबाईंच्या डोळ्यांपुढे बावीस वर्षांपूर्वीचे रान उभे राहिले. जवळ पैसा नव्हता, आधीचे सदन सांभाळणेच अवघड होते. तरी त्या स्वतः मध्यप्रांतात आल्या. दुष्काळपीडितांच्या छावण्यांतून, रस्त्यांच्या कडेला पडलेल्या, दुष्टांच्या हाती सापडण्याच्या बेतात असलेल्या मुली व विधवा त्यांनी गोळा केल्या. त्या खेपेस सुमारे ३०० मुलींना आश्रय मिळाला. त्यांना ठेवावयास पुण्याजवळ केडगाव येथे आधी घेतलेली जमीन उपयोगी पडली, आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. पुढे १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. केडगावी शाळा निघाली, विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना निघाला. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकविण्यात आले. पतित स्त्रियांसाठी कृपासदन बांधण्यात आले. लंडनच्या त्या घरात पाहिलेली दया येथे मराठी मातीत रुजली.

ह्या कामात त्यांच्या श्रद्धेचे खरे स्वरूप दिसते. ज्या दुष्काळाने सोळाव्या वर्षी त्यांच्यापासून देव हिरावून घेतला, त्याच दुष्काळाची आठवण अडतिसाव्या वर्षी त्यांना दुसऱ्यांच्या मुलींकडे घेऊन गेली. भूक तीच होती. मधल्या काळात एवढेच झाले होते की आपल्या यातनांचे काय करावयाचे हे त्यांना कळले होते. शेजारणीने न मागता दिलेली बाजरीची भाकरी त्या विसरल्या नव्हत्या, असेच म्हणावेसे वाटते.

उत्तर आयुष्यात त्यांनी इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. संस्कृतात वाद घालणारी ही पंडिता आता मुद्दाम सोपी मराठी लिहू लागली, कारण खेड्यातून आलेल्या, नुकतीच अक्षरे शिकलेल्या बाईला ते वाचता यावे, हा तिचा हेतू होता. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे आश्रमातील स्त्रियांनीच जुळविले. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. पण शेवटचा घाव अजून राहिला होता. आईचे काम पुढे चालविणारी मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. दुष्काळातून, बंगालातून, विलायतेतून ज्यांना ज्यांना गमावले त्या सर्वांनंतर राहिलेले हे एकच माणूस होते. ह्या वेळी मात्र श्रद्धा डळमळली नाही. दुःख कमी होते म्हणून नव्हे. ते सर्वांत मोठे होते. परंतु देव आपल्या व्रतांचा मोबदला देणारा सावकार आहे, ही कल्पना त्यांच्या मनातून केव्हाच गेली होती. म्हणून मोबदला मिळाला नाही अशी तक्रारही उरली नव्हती. भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. छापलेला पूर्ण ग्रंथ त्यांच्यामागून, १९२४ साली बाहेर पडला. त्यांची संस्था आजही केडगाव येथे निराधार स्त्रिया व मुलांची सेवा करीत आहे.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रातून सर्वांनी रमाबाईंच्याच वाटेने जावे असा उपदेश काढण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या मातापित्यांनी आपल्या देवावर भरवसा ठेवून प्राण सोडले, तेही वंदनीयच आहेत. आणि ज्यांनी जन्मभर शोधूनही कोणताच देव मान्य केला नाही असे सज्जनही आपल्या देशात झाले आहेत. परंतु रमाबाईंनी तीन गोष्टी कधी केल्या नाहीत. ज्यावर मन बसत नाही ते मानतो असे त्यांनी दाखविले नाही. प्रश्न पडला तो भीतीने दाबून ठेवला नाही. आणि उत्तर सापडल्यावर ते पुस्तकात ठेवून दिले नाही. उपाशी मुलीच्या हातात भाकरी देऊन त्याचा उपयोग केला. पालकांसही एवढेच सुचवावेसे वाटते की आपला मुलगा किंवा मुलगी देवाविषयी अवघड प्रश्न विचारू लागली तर त्यांना दटावू नये. अनंतशास्त्र्यांनी आपल्या मुलीला विद्या दिली, सन्मार्ग सोडू नको एवढे सांगितले, आणि तिला ह्या जगात मोकळे सोडले. ती त्यांच्या देवळात परतली नाही. परंतु अरण्यात पित्याने सांगितलेला तो मार्ग तिने सोडला, असे केडगावच्या हजारो मुलींपैकी एकीनेही म्हटले नसते.